रक्तदाबाची गोळी आणि माहेरची वाट

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, बुलढाणा
यांस,



आमचे रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे इतिहासात त्याचे नाव प्रायः फौजांच्या संदर्भानेच येते. १४३७ साली बहामनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासीरखान फारुकीचा पराभव केला तो येथे, आणि १५९० साली बुऱ्हाण निजामशहाने खानदेशच्या राजा अलीखानाच्या साहाय्याने जमालखानाचा पाडाव करून अहमदनगरची गादी मिळवली तीही येथेच. ज्या घाटवाटांनी फौजा चढल्या-उतरल्या, त्याच परिसरातून आज आमच्या लेकी घाटावर नांदावयास जातात आणि घाटावरच्या लेकी आमच्या सुना होऊन खाली येतात. आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हावे हा आपल्याकडचा शिरस्ता अद्याप मोडलेला नसल्यामुळे, सातव्या महिन्यात ओटी भरून झाली की हा प्रवास पुन्हा एकदा उलट दिशेने घडतो. मला जे आपणापुढे मांडावयाचे आहे ते ह्या प्रवासाशी आणि त्या प्रवासात पिशवीच्या तळाशी राहून जाणाऱ्या एका औषधाशी, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीशी, निगडित आहे.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. जिला आधीपासूनच उच्च रक्तदाबाची गोळी चालू आहे अशा स्त्रीला दिवस गेले म्हणजे तिच्या बाबतीत दोन परस्परविरुद्ध चुका घडू शकतात, आणि त्या दोन्ही सारख्याच घातक आहेत. एक चूक अशी की, पोटात बाळ असताना कसलेही औषध नको ह्या समजुतीने घरची वडीलधारी मंडळी तिची गोळी एकाएकी बंद करतात. दुसरी अशी की, कोणी काही विचारीतच नाही म्हणून ती पूर्वीचीच गोळी मुकाट्याने घेत राहते, आणि ती गोळी नेमकी गर्भाला अपाय करणाऱ्या जातीची असते. वस्तुतः करावयाचे असते ते निराळेच: तिची गोळी थांबवावयाची नसून बदलावयाची असते, आणि तीही शक्य तितक्या लवकर. एवढी साधी गोष्ट घडून यावी यासाठी शासनाला नवे रुग्णालय बांधावे लागत नाही, नवे पद निर्माण करावे लागत नाही. ज्या दोन रजिस्टरांत आज ह्या एकाच स्त्रीचे नाव दोनदा लिहिले जाते त्या रजिस्टरांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. ही तजवीज आपल्या अधिकारात आहे असे मी मानतो, म्हणूनच हे पत्र आपणांस, आणि खुले आहे ते आमच्या गावकऱ्यांनीही वाचावे म्हणून.

रक्तदाबावरील उपचार गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले, ही मी मोठी लोकोपकारक घटना समजतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत आपले महाराष्ट्र राज्य होते. दर डॉक्टरागणिक निराळे औषध लिहून देण्याऐवजी थोडी, स्वस्त आणि पारखलेली औषधे ठरलेल्या क्रमाने द्यावीत, ती रुग्णाच्या घराजवळ मिळावीत, आणि प्रत्येक रुग्णाच्या रक्तदाबाची नोंद भेटीभेटीस राहावी, असे त्या उपक्रमाचे मर्म. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही उच्चारास अवघड नावे त्यामुळे सरकारी औषधसाठ्यांत नित्याची झाली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के व पुरुषांपैकी २४ टक्के यांचा रक्तदाब वाढलेला तरी आढळला किंवा ते त्यासाठी औषध तरी घेत होते. म्हणजे हा विकार केवळ म्हाताऱ्यांचा, किंवा केवळ शहरातल्या सुखवस्तू माणसांचा, राहिलेला नाही, आणि ज्यांना अद्याप मुले व्हावयाची आहेत अशा सुनाही त्या आकड्यात आहेत.

तरीही गोळीविषयीची भीती लोकांच्या मनातून गेलेली नाही. “एकदा गोयी सुरू झाली का मंग जल्मभर सुटत नाही,” हे वाक्य आमच्याकडे ओट्याओट्यावर ऐकू येते, आणि त्यामागे अविश्वास जितका आहे तितकाच एक प्रामाणिक गैरसमजही आहे. ताप उतरला की तापाची गोळी थांबते; मग डोके दुखेनासे झाले, चक्कर यायची थांबली, तर रक्तदाबाची गोळी का थांबू नये, असा हा हिशेब असतो. पण उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही, आणि त्याच्या असण्या-नसण्याची खातरजमा यंत्रावाचून होत नाही. गोळीने दाब उतरला याचा अर्थ विकार गेला असा नसून गोळी आपले काम करीत आहे एवढाच असतो. ती परस्पर सोडली तर काही दिवसांतच दाब पूर्वीच्या जागी परत येतो. आणि क्लोनिडिन किंवा अ‍ॅटेनोलॉल यांसारखी औषधे एकदम तोडली तर दाब, नाडी किंवा छातीतले दुखणे यांपैकी एखादी गोष्ट पूर्वीहून अधिक उसळू शकते. म्हणून गोळी सोडावयाची असो की कमी करावयाची, ती ज्याने दिली त्यालाच विचारून.

गोळी घेण्याच्या रीतीविषयी चार गोष्टी ह्याच ओघात लिहितो, कारण त्या तरण्याताठ्या सुनेइतक्याच तिच्या सासू-सासऱ्यांनाही लागू आहेत. गोळीची वेळ एक ठरवावी आणि ती पाळावी. एखादे दिवशी विसर पडला आणि दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. गोळ्या पाकिटातून सुट्या काढून कागदाच्या पुडीत बांधून ठेवण्याची सवय सोडावी, कारण कंपनी बदलली की गोळीचा रंग व आकार बदलतो, आणि ‘पांढरी लहान गोळी’ एवढ्या वर्णनावरून जगातल्या कोणत्याही डॉक्टरला काहीही कळत नाही; नाव असते ते पाकिटावर, म्हणून पाकीटच जपावे. शेजाऱ्याला जी लागू पडली ती आपल्यालाही पडेल म्हणून मागून आणू नये.

आणि एक गोष्ट तर मी आवर्जून सांगतो: कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत कंबर धरली, गुडघे भरून आले, की दुकानातून जी अंगदुखीची गोळी मागितली जाते तीत बहुधा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असते. ह्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, त्याच्या औषधाचा गुण कमी करतात, आणि टेल्मिसार्टन व लघवी वाढवणारी गोळी ज्यांना चालू आहे त्यांच्या मूत्रपिंडांवर भारी पडू शकतात. पाचव्या महिन्यानंतरच्या गर्भवतीला तर त्या स्वतंत्रपणेही वर्ज्य मानल्या जातात, कारण त्यांनी गर्भाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावून गर्भजल कमी होण्याचा धोका असतो. घरगुती म्हणून निर्धास्तपणे चघळला जाणारा ज्येष्ठमध देखील रोज व पुष्कळ घेतल्यास अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि दाब चढवतो. उन्हाळ्यात प्रत्येक घरी पापड, कुरडया आणि लोणच्याच्या बरण्या भरल्या जातात तेव्हा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढीच मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने माणशी ठरवून दिली आहे, याचे स्मरण कोणी देत नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांच्या वर्गातील औषधे आणि त्यांची भावंडे म्हणता येतील अशी एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही औषधे इतर रुग्णांसाठी उत्तम आहेत. मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांचे तर ती रक्षण करतात. परंतु शरीरातील ज्या यंत्रणेवर त्यांचा अंमल चालतो, तीच यंत्रणा गर्भाच्या वाढत्या मूत्रपिंडांना लागत असते. गर्भजलाचा मोठा भाग म्हणजे गर्भाने विसर्जित केलेले मूत्रच. चौथ्या-पाचव्या महिन्यापुढे ही औषधे चालू राहिली तर गर्भाच्या मूत्रपिंडांतील रक्तप्रवाह मंदावतो, मूत्र कमी होते, गर्भजल आटते, आणि ते आटले की त्यातच श्वासाचा सराव करणाऱ्या फुप्फुसांची वाढ खुंटते. कवटीची हाडे नीट भरत नाहीत, आणि जन्मल्यावर बाळाला लघवीच होत नाही अशी अवस्थाही ओढवते. पहिल्या तीन महिन्यांतील परिणामांविषयी तज्ज्ञांत मतभेद असले तरी त्या काळातही ही औषधे टाळावीत याबाबत एकमत आहे. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असे सांगितले आहे की, अशी गोळी घेणाऱ्या स्त्रीने आपण गरोदर असल्याचे कळवले की शक्यतो दोन कामकाजाच्या दिवसांच्या आत ती थांबवून दुसरी द्यावी. दोन दिवस! आपल्याकडे गरोदरपणाची पहिली नोंद पुष्कळदा तिसऱ्या महिन्यात होते, आणि त्या नोंदीच्या वेळी ‘कसली गोळी चालू आहे काय’ हा प्रश्न विचारला गेला तर गेला. अ‍ॅटेनोलॉलनेही गर्भाची वाढ खुंटल्याचा अनुभव आहे, आणि खासगी दवाखान्यांतून अ‍ॅम्लोडिपिनशी सांगड घालून ते दिले जात असल्यामुळे सुनेच्या पाकिटावर तेही असू शकते.

ह्यावर कोणी म्हणेल की, ही डॉक्टरी औषधेच नकोत, आपली झाडपाल्याची बरी. त्याला मी मुंबईचा एक वृत्तान्त सांगू इच्छितो. उच्च रक्तदाबावर गुणकारी ठरलेल्या आद्य औषधांपैकी एक आपल्याच मातीतले आहे: ते म्हणजे सर्पगंधा. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा हा गुण लिहून ठेवला, आणि १९४९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध करून पश्चिमेचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपणां सर्वांस अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. परंतु ह्याच रेसर्पिनविषयी पुढे असे दिसून आले की, आईने ते बाळंतपणाच्या सुमारास घेतले तर वार ओलांडून ते बाळापर्यंत जाते, आणि जन्मलेल्या बाळाचे नाक चोंदते, ते निस्तेज राहते, दूध ओढीत नाही. नाकानेच श्वास घेणाऱ्या नवजात अर्भकाला नाक चोंदणे म्हणजे श्वास कोंडणे. मूळ झाडाचे आहे की कारखान्यातले, हा प्रश्न गर्भाच्या लेखी निरर्थक आहे. ते काय करते आणि केव्हा दिले गेले, एवढेच त्याला ठाऊक असते.

मग गर्भवतीने घ्यावे तरी काय? येथे वैद्यकाजवळ तीन औषधे आहेत, आणि तिन्ही जुनी, परिचित व अल्पमोली आहेत: मिथाइलडोपा, लॅबेटालॉल आणि सावकाश विरघळणारे निफेडिपिन. मिथाइलडोपा घेतलेल्या मातांची मुले साडेसात वर्षांची होईपर्यंत ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी त्यांच्या वाढीवर व बुद्धीवर लक्ष ठेवले, आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या अहवालात औषधाने मुलांचे नुकसान झाल्याचे आढळले नाही. गरोदरपणात दाब थोडासा वाढलेला असेल तर औषध द्यावे की न द्यावे, दिल्यास बाळाला रक्त कमी पडून ते लहान राहील काय, ही शंका डॉक्टरांनाही दीर्घकाळ होती. २०२२ साली अमेरिकेतील २,४०८ स्त्रियांवरील चाचणीने तिचा बहुतांशी निरास केला. पूर्वीपासून दाब असलेल्या ज्या गर्भवतींना औषध देऊन तो १४०/९० च्या खाली राखला, त्यांच्यात गंभीर गुंतागुंती व अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली, आणि बाळे लहान जन्मण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. म्हणजे भीतीपोटी गोळी बंद करणाऱ्या सासूने ज्या नातवाच्या काळजीने ती बंद केली, त्याचेच त्यात अहित होते.

परंतु मला ज्याचा विशेष अभिमान वाटतो, आणि जे आपल्या तालुक्यातालुक्यांत सांगितले गेले पाहिजे असे वाटते, ते कार्य विदर्भातच झाले आहे. एकदा गर्भवतीचा दाब १६०/११० च्या वर गेला की घटका मोजण्याची वेळ येते. मेंदूत रक्तस्राव होणे, झटके येणे, वार सुटणे ह्या आपत्ती तेथून दूर नसतात. मोठ्या रुग्णालयात त्यावर शिरेतून औषध देतात. पण शिरेतून औषध द्यावयाचे तर ते साधन हवे, शिकलेला हात हवा आणि घटकेघटकेला लक्ष ठेवणारे माणूस हवे, आणि रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावी ह्यांपैकी काय असेल याची शाश्वती कोण देणार? तेव्हा नुसत्या तोंडाने घेण्याच्या गोळीने हे काम भागेल काय, असा प्रश्न नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात, परीक्षेला घेण्यात आला. एप्रिल २०१५ ते ऑगस्ट २०१७ ह्या काळात, सात महिने किंवा त्याहून अधिक दिवस भरलेल्या आणि दाब अतिशय वाढलेल्या ८९४ गर्भवतींना चिठ्ठ्यांच्या न्यायाने तीन गटांत विभागून एकेका गटाला निफेडिपिन, लॅबेटालॉल व मिथाइलडोपा देण्यात आले. सहा तासांच्या आत, काही अपाय न होता, दाब हव्या त्या मर्यादेत आला असे निफेडिपिनच्या गटात शंभरांत ८४, लॅबेटालॉलच्या गटात ७७, आणि मिथाइलडोपाच्या गटात ७६ जणींच्या बाबतीत घडले. २०१९ साली हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ ह्या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि ज्या देशांत खेड्यांना शिरेतील औषधाची सोय नाही त्या सर्वांना त्याचा उपयोग झाला.

नागपूरच्या सरकारी खाटांवर निजलेल्या ह्या आठशे चौऱ्याण्णव स्त्रियांनी जगाला जे ज्ञान दिले, त्याचा पहिला हक्क विदर्भाच्या खेड्यांचा आहे. ह्या तीन गोळ्यांना शीतपेटी लागत नाही, त्यांची किंमत फार नाही. प्रसूतीची सोय असलेल्या प्रत्येक केंद्रावर त्या संपण्यापूर्वी भरल्या जाव्यात, आणि त्यांचा साठा तपासणीच्या रकान्यात स्वतंत्रपणे दाखवला जावा, अशी आपण ताकीद द्यावी. त्याचबरोबर एका जुन्या प्रघाताचा बंदोबस्त व्हावा: दाब चढला की निफेडिपिनची कुपी फोडून ती जिभेखाली पिळण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती, आणि अद्यापि ती निखालस गेली आहे असे म्हणवत नाही. तीमुळे दाब कोसळतो आणि कोसळलेल्या दाबाने आई व बाळ दोघांचाही रक्तपुरवठा तुटतो. नागपुरात गोळी गिळण्यासाठी दिली गेली होती, हे येथे ध्यानात ठेवावे. आणि झटके येण्याची भीती असलेल्या स्त्रीला घाट चढवून बुलढाण्यास पाठवावयाची वेळ आलीच, तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मगच पाठवावे. ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ह्या स्वस्त क्षाराने झटक्यांचा संभव निम्म्याहून कमी केला होता.

आता दोन रजिस्टरांविषयी. रक्तदाबाच्या रुग्णाची नोंद असंसर्गजन्य रोगांच्या दप्तरात होते आणि गर्भवतीची माता-बाल आरोग्याच्या दप्तरात. दोन दप्तरे, दोन संगणकप्रणाल्या, पुष्कळदा दोन निराळ्या व्यक्ती. पहिल्या दप्तरात लिहिणाऱ्यास ती केवळ रक्तदाबाची रुग्ण दिसते, दुसऱ्यास केवळ गरोदर माता. माझी दरखास्त अशी आहे की, मूल होण्याच्या वयातील कोणत्याही स्त्रीला रक्तदाबाची गोळी हाती देताना, दर महिन्याला, तिची शेवटची पाळी केव्हा आली व मूल हवे आहे काय हे विचारून तेथेच टिपले जावे. नवी लग्न झालेली किंवा मूल हवे असलेली असेल तर तिला टेल्मिसार्टन देऊच नये, किंवा चालू असेल तर दिवस जाण्याच्या आधीच बदलून द्यावे. टेल्मिसार्टनच्या पाकिटावर ‘पाळी चुकली असेल तर ही गोळी घेण्याआधी सांगा’ असा मराठी शिक्का मारावयाला एक रबरी शिक्का आणि शाईची पेटी यांहून अधिक खर्च येणार नाही. उलट बाजूने, गर्भवतीची पहिली नोंद करताना आरोग्यसेविकेने ‘औषध चालू आहे का’ एवढेच न विचारता ‘घरात जी जी पाकिटे आहेत ती आणून दाखव’ असे म्हणावे. कारण पुष्कळजणी रक्तदाबाची गोळी ही औषधच समजत नाहीत, आणि कित्येकजणी नव्या घरात आपल्याला विकार आहे हे उघड होईल ह्या धास्तीने ती सांगत नाहीत. ही धास्ती खरी आहे, तिची हेटाळणी होऊ नये. म्हणून हा प्रश्न सासूच्या देखत नव्हे, एकांतात विचारला गेला पाहिजे. ज्यांना आधीपासून दाब आहे अशांना बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन द्यावी की काय, याचा निर्णयही ह्याच भेटीत वैद्यकीय अधिकाऱ्याने करावयाचा असतो. तो सोळाव्या आठवड्यानंतर फारसा उपयोगी पडत नाही.

आणि मग येतो सातवा महिना. गरोदरपणातला दाब, लघवीतून प्रथिने जाणे, झटके, ही मालिका विसाव्या आठवड्यानंतर सुरू होते आणि पुढे पुढे अधिक संभवनीय होत जाते. म्हणजे ज्या सुमारास सून सासरचा दवाखाना सोडून माहेरी जाते, नेमका तोच काळ. सासरची आरोग्यसेविका तिला ‘बाहेरगावी गेली’ असे लिहून मोकळी होते, माहेरची तिला ‘नवीन नोंद’ म्हणून आरंभापासून विचारते, आणि मधल्या तीन-चार आठवड्यांत तिचा दाब कोणीच पाहिलेला नसतो. घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांत सोयरीक जितकी दाट, तितकी ही तफावतही दाट. माता व बाल संरक्षण कार्ड तिच्याबरोबर जातेच. त्या कार्डाला एक पान जोडून त्यावर चालू गोळीचे नाव व मात्रा, अखेरच्या तीन मोजण्यांचे आकडे, आणि दोन्हीकडच्या आरोग्यसेविकांचे दूरध्वनी लिहिण्याचा शिरस्ता आपण जिल्हाभर घालून द्यावा. सासरच्या सेविकेने माहेरच्या सेविकेस कळवल्याची, आणि माहेरच्या सेविकेने ‘पोहोचली, दाब पाहिला’ असे उलट कळवल्याची, दोन्ही नोंदी मिळेपर्यंत ती स्त्री पहिल्या दप्तरातून कमी केली जाऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी सर्वत्र असतेच. माहेरी आलेल्या प्रत्येक गर्भवतीची पहिली ९ तारीख चुकू नये, एवढे पाहण्यास आशाताईंना सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

मोजण्याच्या यंत्राविषयी मी थोडक्यातच लिहितो. गर्दीत उभी राहून, चालत आल्या पावली, लुगड्याच्या किंवा झग्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून घेतलेला दाब हा दाब नव्हे. तिला पाच मिनिटे पाठ टेकवून बसवावे, दंड उघडा व हृदयाच्या पातळीत ठेवावा, पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा असावा, आणि आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा पाहावा. १५८ आला म्हणून ‘चालून आली असेल’ असे म्हणून १३८ लिहिणारा हात तिचे भले करीत नाही.

आमच्या गावकऱ्यांना, विशेषतः घरातील पुरुषमाणसांना, एवढे सांगावेसे वाटते: गर्भवतीचे डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधेरी किंवा ठिणग्या दिसू लागल्या, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात कळ येऊ लागली, चेहरा व हात एकाएकी सुजले, लघवी कमी झाली किंवा बाळ हालेनासे झाले, तर तो गरोदरपणाचा स्वभाव नव्हे आणि सकाळपर्यंत थांबण्याचा प्रकारही नव्हे, १०८ किंवा १०२ ला त्याच घटकेला दूरध्वनी करावा. झटका आला तर तिला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा कांदा कोंबू नये, देवऋषाकडे नेण्यात वेळ दवडू नये. नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशात हा आकडा पुष्कळ चांगला मानला जातो, आणि तो आणखी कमी व्हावयाचा तर जे मृत्यू शिल्लक आहेत त्यांत रक्तदाबाचा वाटा मोठा आहे, हे विसरून चालणार नाही.

शेवटची विनंती बाळंतपणानंतरच्या दिवसांविषयी आहे, कारण बाळ हाती आले की आईकडे कोणाचे लक्ष राहत नाही. प्रसूतीने हा दाब लगेच उतरतो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा वर जातो, आणि झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. सुखरूप बाळंतीण मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घरी येते, बाजेवर निजते, आणि सव्वा महिना तिला बाहेर पडू देण्याची रीत नसते. म्हणून जिचा दाब गरोदरपणी वाढला होता तिच्या घरी आरोग्यसेविकेने पहिल्या आठवड्यात यंत्र घेऊन जावे, दाब पाहावा, आणि तो जास्त असल्यास गोळी सुरू ठेवावी किंवा बदलावी. मिथाइलडोपाने बाळंतिणीचे मन अधिक खिन्न होण्याचा संभव असल्यामुळे प्रसूतीनंतर ते बदलून देण्याची पद्धत आहे. निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन, लॅबेटालॉल व एनालाप्रिल ही अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतात, तेव्हा गोळी चालू आहे म्हणून बाळाचे दूध तोडण्याचे कारण नाही. सव्वा महिना पुरा झाला की तिचा दाब पुन्हा पाहून, तो उतरला नसेल तर तिचे नाव पुनश्च पहिल्या दप्तरात, रक्तदाबाच्या रुग्णांच्या यादीत, रुजू करावे. आणि उतरला असला तरी वर्षातून एकदा पाहण्याची नोंद ठेवावी, कारण गरोदरपणी दाब वाढलेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब व हृदयविकार होण्याचा संभव इतर स्त्रियांहून अधिक असतो. सून माहेरी बाळंत झाली व सव्वा महिन्यानंतर सासरी परतली, तर ही शेवटची नोंद कोणी करावयाची, माहेरच्या केंद्राने की सासरच्या, याचा निर्णय आपल्या एका लेखी हुकुमाने व्हावा, एवढीच प्रार्थना.



आपला नम्र,
रोहिणखेड, ता. मोताळा येथील एक रहिवासी